बॉस आणि ऑफिसला वैतागलात? राजीनामा टाईप करण्याआधी काय काय करायचं, एकेक पायरी

"आमच्या ऑफिसचं कल्चरच टॉक्सिक आहे" हे वाक्य हल्ली इतक्यांदा कानावर पडतं की त्यातून नेमकं काही कळतच नाही. एकाचं म्हणणं असतं बॉस रात्री अकराला मेसेज टाकतो, दुसरीने रात्र जागून केलेलं प्रेझेंटेशन मॅनेजर स्वतःच्या नावावर खपवतो, तिसऱ्याचा पगार तीन वर्षं हललेला नाही आणि का हलला नाही हेही कोणी धड सांगत नाही, आणि चौथ्याला खरं तर ते कामच आवडत नाहीये, राग मात्र निघतोय बॉसवर. चौघंही सारखेच वैतागलेत पण चौघांचं दुखणं वेगळं, औषध वेगळं. आणि करतात मात्र चौघंही एकच, महिनोन्महिने धुसफुसत राहायचं, जेवणाच्या सुट्टीत बॉसला शिव्या घालायच्या, आणि एक दिवस तिरमिरीत राजीनामा टाकून मोकळं व्हायचं.

ज्यांना आजच्या आज नोकरी सोडायची नाहीये किंवा परवडणार नाहीये, पण असंच चालू ठेवणंही जमत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं साधं मत असं आहे की माणसाचा स्वभाव बदलून मागितला तर मिळत नाही, कामाची पद्धत बदलून मागितली तर बऱ्याचदा मिळते. "सर तुम्ही जरा नीट बोलत जा" हे मागणं वाया जातं, "रिव्ह्यू सगळ्यांसमोर न करता आपण दोघांतच करू या का" हे मागणं होऊ शकतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीसाठी आहेत.

सगळ्यात आधी, या पायऱ्या कोणासाठी नाहीत

लैंगिक छळ, मारहाण किंवा धमकी, जात धर्म लिंग यावरून भेदभाव, जीवाला धोका असलेलं काम, थकवलेला पगार, किंवा खोट्या कागदांवर सही करायचा दबाव, यातलं काही चालू असेल तर खालचं "आधी बॉसशी शांतपणे बोला" वगैरे सोडून द्या. तिथे पहिली पायरीच लेखी तक्रार, आणि सोबत कायदा कळणाऱ्या कोणाचा तरी सल्ला. कामाच्या ठिकाणचा छळ आणि हिंसा यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा स्वतंत्र करार आहे, क्रमांक १९०, तो २०१९ मध्ये मंजूर झाला आणि २०२१ पासून लागू आहे. त्यात कायम कर्मचारीच नाही तर इंटर्न, ट्रेनी आणि नोकरीसाठी अर्ज करणारेसुद्धा येतात, आणि ऑफिसच्या भिंतीबाहेर मेसेज किंवा मेलवर झालेला त्रासही येतो. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण "मेसेजवर बोलला, ऑफिसमध्ये थोडीच बोलला" हे कारण ऐकून गप्प बसू नका एवढ्यासाठी सांगितलं.

बाकीचे पुढे या.

पायरी १: दोन आठवडे फक्त लिहून काढा

कोणाशी बोलायचं नाही, भांडायचं नाही, फक्त नोंद ठेवायची. राग आला की मेंदू सगळं एकत्र गोळा करतो आणि "नेहमीच", "कायमच", "सगळेच" असले शब्द बाहेर येतात, आणि हे शब्द घेऊन कोणासमोरही गेलात तर समोरचा एक उलटं उदाहरण देतो आणि तुमची केस तिथेच संपते.

नोंद कशी नसावी: "आज परत बॉसने डोकं खाल्लं, उगाच घाई करायला लावली."

नोंद कशी असावी: "मंगळवार, संध्याकाळी ६.२० ला मेसेज, उद्या सकाळी १० पर्यंत रिपोर्ट हवा. रात्री साडेअकरापर्यंत बसून केला, ९.५० ला पाठवला. शुक्रवारी दुपारी मीटिंगमध्ये कळलं की त्यांनी फाईल उघडलेलीच नाही."

दुसऱ्या नोंदीत एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. तारीख, वेळ, कोण काय बोललं ते शक्य तितकं त्याच शब्दांत, कामावर काय परिणाम झाला, आणि तिथे अजून कोण होतं, बास. चांगलं काही घडलं तर तेही लिहायचं, हा भाग लोक गाळतात. दोन आठवड्यांत बॉसने तीनदा नीट मदत केली असेल तर ते कागदावर दिसायला हवं, कारण ते कधी घडलं, कुठल्या परिस्थितीत घडलं, यावरून पुढे बरंच कळतं.

हे सगळं स्वतःच्या वहीत किंवा स्वतःच्या फोनमध्ये. कंपनीच्या लॅपटॉपवर नाही, कारण तो कधीही परत मागितला जाऊ शकतो आणि त्यावर तुम्ही काय करता ते आयटीला दिसू शकतं. आणि पुरावा म्हणून ऑफिसचे मेल सरसकट पर्सनल मेलवर फॉरवर्ड करायचा मोह होतो, तो टाळा. क्लायंटची माहिती किंवा कंपनीचा डेटा बाहेर पाठवला म्हणून उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते आणि मग मूळ तक्रार कोणी ऐकतच नाही. बोलणं रेकॉर्ड करण्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, काही ठिकाणी समोरच्याच्या परवानगीशिवाय केलेलं रेकॉर्डिंग हाच गुन्हा ठरतो, तेव्हा आधी नियम बघा.

पायरी २: मागणी, मुभा, मोबदला

दोन आठवड्यांनी नोंदी समोर घ्या आणि प्रत्येकीपुढे या तीनपैकी एक शब्द लिहा. मागणी म्हणजे तुमच्याकडून किती आणि केव्हा हवंय. मुभा म्हणजे ते कसं करायचं हे ठरवण्यात तुमचा किती हात आहे. मोबदला म्हणजे नुसता पगार नाही, श्रेय, मान, बढती, नोकरी टिकण्याची खात्री, सगळं.

हे तीन शब्द मी हवेतून काढले नाहीत. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की कामाचा ताण नुसत्या जास्त कामाने वाढत नाही, काम जास्त आणि ठरवायची मुभा कमी अशी जोडी जमली की माणूस पिचतो. पुढे १९९६ मध्ये समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी दुसरी बाजू दाखवली, की ओतलेले कष्ट आणि मिळणारा मोबदला यांचं गणित सतत तोट्यात राहिलं की त्याचा तब्येतीवर परिणाम होतो. म्हणूनच डोंगराएवढं काम असलेली काही माणसं खूश दिसतात आणि निवांत काम असलेली काही माणसं कावलेली दिसतात.

बॉस प्रत्येक मेल आधी मला दाखव म्हणतो, हे मुभेचं दुखणं. संध्याकाळी सहानंतर कामं येतात, मागणीचं. काम मी केलं नाव त्याचं झालं, मोबदल्याचं. बहुतेकांच्या वहीत एकाच शब्दाची गर्दी होते आणि तिथेच चकित व्हायला होतं, म्हणजे इतके दिवस "पगार कमी आहे" म्हणून चिडणाऱ्याच्या वहीत पगाराची एकच नोंद असते आणि मुभेच्या अकरा.

इथेच अजून एक फरक बघून घ्या. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं की कामावर सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी वाटलं. १९५९ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला, तो असा की दोन्हीची कारणं वेगवेगळी निघाली. वाईट वाटण्याच्या कारणांत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची परिस्थिती असल्या गोष्टी पुढे होत्या, आणि छान वाटण्याच्या कारणांत काहीतरी जमल्याचं समाधान, कौतुक, आणि मुळात ते काम. या पद्धतीवर नंतर टीका भरपूर झाली, पण रोजच्या वापरापुरता मुद्दा अजून कामाचा आहे, की त्रास काढून टाकला म्हणजे आपोआप आनंद होत नाही, आणि आनंदाचं काहीतरी वर टाकलं म्हणून त्रास जात नाही. टीम आउटिंगला नेऊन आणलं की सगळे खूश होतील असं समजणाऱ्या मॅनेजमेंटला हेच कळत नाही. पण हे आपल्यालाही लागू आहे, बॉस बदलला तरी काम कंटाळवाणंच राहणार असेल तर तो वेगळा प्रश्न आहे, तो बॉसच्या खात्यावर टाकू नका.

वर्गवारी झाली की प्रत्येक नोंदीपुढे अजून एक गोष्ट लिहायची, हे बदलणं कोणाच्या हातात आहे? बॉसच्या, बॉसच्या बॉसच्या, की कंपनीच्या पॉलिसीत? पगारवाढ सगळ्या कंपनीत गोठवली असेल तर टीम लीडशी त्यावरून वाद घालून काय उपयोग, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

पायरी ३: बॉसवर कशाचं प्रेशर आहे ते काढा

हे त्याची दया यावी म्हणून नाही, तुमचं मागणं पास व्हावं म्हणून.

बरेच मॅनेजर मॅनेजर झाले ते आधीचं काम उत्तम करायचे म्हणून. माणसं सांभाळणं हे वेगळंच काम असतं आणि ते त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, एक दिवस नुसतं पद मिळतं. 'पीटर प्रिन्सिपल'वाले लेखक लॉरेन्स पीटर यांनी १९६९ मध्येच यावर बोट ठेवलं होतं, की माणूस चढत चढत जे काम जमत नाही त्या खुर्चीवर जाऊन पोचतो आणि तिथेच राहतो. गूगलने 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' नावाने स्वतःच्या मॅनेजरांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी निघाल्या, त्यात टीमला घडवणं सगळ्यात वर होतं, डोक्यावर न बसणं त्याच्या लगेच खाली, आणि टेक्निकल ज्ञान, ज्याच्या जोरावर बहुतेकांना बढती मिळते, ते आठव्या नंबरावर.

तर तुमच्या बॉसला त्याच्या बॉससमोर दर आठवड्याला काय दाखवावं लागतं ते शोधा. त्याचं अप्रेझल कुठल्या आकड्यावर होतं? मागे कुठल्या प्रकरणात तो तोंडघशी पडला होता? सतत "झालं का, झालं का" विचारणाऱ्या माणसाला बहुतेकदा एकच भीती असते, की वरून अचानक प्रश्न येईल आणि आपल्याकडे उत्तर नसेल. मग त्याने विचारायच्या आधीच सोमवारी आणि गुरुवारी सकाळी तीन ओळी पाठवा: काय झालं, काय चालू आहे, कुठे अडलंय. कौतुकाची अपेक्षा न ठेवता हे महिनाभर करून बघा. निम्म्या मायक्रोमॅनेजमेंटवर एवढा उपाय पुरतो. उरलेल्या निम्म्यावर नाही पुरत, ती माणसं अपडेट वाचूनही फोन करतातच, पण मग निदान खात्रीने कळतं की प्रश्न माहितीचा नाहीये.

पायरी ४: तक्रारीचं मागणं करा आणि तोंडाने बोला

सगळ्यात अवघड पायरी ही, आणि बहुतेक लोक हिला वळसा घालून थेट एचआरकडे किंवा थेट राजीनाम्याकडे जातात.

वेळ आधी. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये हा विषय काढू नका, तिथे सगळं पैशाच्या चष्म्यातून ऐकलं जातं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नको, बॉस वरून बोलणी खाऊन आलाय तेव्हा नको, आणि चॅटवर तर अजिबातच नको कारण चॅटवर सूर कळत नाही आणि स्क्रीनशॉट फिरतो. "कामाच्या पद्धतीबद्दल अर्धा तास बोलायचंय, उद्या किंवा परवा कधी जमेल?" असा साधा मेसेज टाकून वेळ घ्या. विषय थोडा सांगा, नाहीतर त्याला वाटतं राजीनामा द्यायला येतोय आणि तो आधीच ताठरून बसतो.

मुद्दा एकच न्यायचा. वहीत चौदा असतील, तरी एक. जो बॉसच्या हातात आहे आणि ज्याने तुमचा सगळ्यात जास्त त्रास कमी होईल तो. बोलायची चौकट साधारण अशी: काय घडलं, त्याने कामाचं काय झालं, काय हवंय, किती दिवस करून बघू.

"सर, गेल्या दोन आठवड्यांत चार वेळा संध्याकाळी सहानंतर दुसऱ्या दिवशी सकाळचं काम आलं. ते मी केलं, पण त्यामुळे क्लायंटच्या फाईलमध्ये दोन चुका राहिल्या आणि त्या आपल्यालाच निस्तराव्या लागल्या. माझं एक सुचवणं आहे, रोज साडेचारला दहा मिनिटं बोलून उद्याचं ठरवून घेऊ, आणि त्यानंतर आलेलं काम खरंच अर्जंट असेल तर तुम्ही फोन करा, बाकीचं मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत देतो. महिनाभर करून बघू या का?"

यात काय नाहीये ते बघा. "तुम्ही नेहमी" नाहीये. "मला पर्सनल लाईफ आहे की नाही" नाहीये, ते खरं असलं तरी. आणि "सगळ्यांचंच हे म्हणणं आहे" तर नाहीच नाही, कारण हे वाक्य ऐकलं की बॉस मुद्दा सोडून नावं शोधायला लागतो, मग तुमच्यामुळे दोन सहकारी नको तिथे अडकतात आणि पुढच्या वेळी तुमच्या बाजूने कोणी उभं राहत नाही.

तसंच ताकाला जाऊन भांडंही लपवू नका. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून शेवटच्या मिनिटाला "अजून एक छोटीशी गोष्ट होती सर" असं म्हटलं की समोरचाही ती छोटीच समजतो.

श्रेय चोरलं जात असेल तर तो विषय फार नाजूक, कारण त्यात समोरच्याला सरळ सरळ चोर म्हटल्यासारखं होतं. तिथे मागच्या प्रसंगावर बोलू नका, पुढच्यावर बोला: "पुढच्या रिव्ह्यूत डेटाचा भाग मी मांडला तर चालेल का, प्रश्न आले तर उत्तरं माझ्याकडेच आहेत." फाईलवर तयार करणाऱ्याचं नाव टाकणं, ड्राफ्ट पाठवताना टीमला कॉपीत ठेवणं, असल्या सवयी आरडाओरडा न करता बरंच काम करतात. वरच्या साहेबांना मुद्दाम कॉपीत घेणं मात्र वेगळी गोष्ट आहे, ती उघड उघड कुरघोडी वाटते, तेव्हा विचार करून.

बोलणं झालं की त्याच दिवशी छोटा मेल. "आज वेळ दिल्याबद्दल थँक्स. आपलं ठरलं ते असं: रोज ४.३० ला दहा मिनिटं, त्यानंतर फक्त अर्जंट काम फोनवर, एक महिन्याने परत बघू. काही चुकलं असेल तर सांगा." गोड मेल आहे, पण पुढे कधी लागलाच तर हाच कागद.

आता बॉस काय करेल? लगेच हो म्हणाला तर उत्तमच, पण हो म्हणून विसरणारे फार असतात तर दुसऱ्या दिवशी साडेचारला तुम्हीच जाऊन उभं राहायचं. "बघू" म्हणाला तर तारीख मागा. चिडला तर तिथल्या तिथे सफाई देत बसू नका, "ठीक आहे, तुम्ही विचार करा, मी पुढच्या आठवड्यात परत येतो" म्हणून उठा. चिडलेला माणूस त्याच खोलीत मत बदलत नाही, दोन दिवसांनी बदलू शकतो. आणि बोलल्यानंतर अचानक तुमची चांगली कामं काढून घेतली, मीटिंगमधून नाव गायब झालं, आजवर ठीक असलेल्या कामात रोज खोट निघायला लागली, तर हा बदला आहे, प्रत्येक गोष्ट तारखेसकट वहीत जाऊ द्या आणि सहाव्या पायरीवर या.

पायरी ५: सहकाऱ्यांशी बोला पण गाऱ्हाणी म्हणून नाही

चहाच्या टेबलावर शिव्या घातल्या की हलकं वाटतं, आणि त्या हलकं वाटण्यातच सगळी वाफ निघून जाते, म्हणून वर्षानुवर्षं काही बदलत नाही. वर त्या टेबलावरचं एक तरी माणूस ते वरपर्यंत पोचवतंच. ऑफिसच्या ग्रुपमधले मेसेज तर सार्वजनिक भाषण आहे असंच समजून लिहा.

त्यापेक्षा एकेकट्याला, शांतपणे विचारा: "संध्याकाळच्या कामांचा तुला पण त्रास होतो का, की माझंच काहीतरी चुकतंय?" तिघांचं तेच दुखणं निघालं तर ते कामाच्या पद्धतीचं आहे आणि टीम मीटिंगमध्ये "काम वाटायची पद्धत" असा साधा विषय म्हणून तिघांनी मिळून मांडता येतं. एकट्याचंच निघालं तर तेही कळणं चांगलं. युनियन असेल तर तिचा उपयोग करा, लाजू नका. पगार आणि कामाच्या अटी याबद्दल आपापसात बोलायचा हक्क बऱ्याच देशांत कायद्याने मिळालेला आहे, कंपनी काहीही म्हणो.

तुमचं ऑफिस बोलून सुधारणारं आहे की नाही हे ओळखायची एक चांगली खूण हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांच्या हॉस्पिटलमधल्या अभ्यासातून मिळते. औषध देण्यातल्या चुका मोजल्या तर चांगल्या टीममध्ये जास्त चुका सापडल्या. आधी कोडं पडलं, मग लक्षात आलं की चुका तिथे जास्त होत नव्हत्या, तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या. पुढे १९९९ मध्ये एका कारखानदारी कंपनीतल्या ५१ टीम अभ्यासून त्यांनी दाखवलं की न घाबरता बोलता येतं तिथे टीम शिकते. तर बघा, तुमच्याकडे शेवटचं कोणी "माझ्याकडून चुकलं" असं मीटिंगमध्ये म्हणाल्याला किती दिवस झाले? आणि त्याचं पुढे काय झालं? जिथे वाईट बातमी आणणाऱ्यालाच फटके पडतात तिथे चौथ्या पायरीकडून फार आशा ठेवू नका.

पायरी ६: बॉसचा बॉस आणि एचआर

बॉसशी बोलून, महिना देऊन काही हललं नाही, तरच हे. आधी गेलात तर पहिला प्रश्न येणार "त्यांच्याशी बोललात का?" आणि उत्तर नाही असेल तर तुम्हालाच परत पाठवणार. तुमच्याकडे तो छोटा मेल आहे, तो इथे उपयोगी पडतो.

एचआर तुमचा मित्रही नाही आणि शत्रूही नाही, ते कंपनीसाठी काम करतात. हे एकदा पचवलं की त्यांच्याकडे काय न्यायचं ते कळतं. "तो फार उद्धट आहे" यावर ते काहीच करू शकत नाहीत. "सहा महिन्यांत या टीममधले चार जण गेले, माझ्याकडे या या तारखांचे हे प्रसंग आहेत, कंपनीच्या अमुक पॉलिसीत असं लिहिलंय, आणि मला दुसऱ्या टीममध्ये बदली हवी आहे" यावर करू शकतात. कंपनीला नुकसान कुठे आहे आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, या दोन गोष्टी कागदावर.

बोलायला सुरुवात करण्याआधी विचारा, "हे कोणापर्यंत जाईल?" काही तक्रारी कानावर आल्या की एचआरला चौकशी करावीच लागते, तुम्ही नको म्हटलं तरी. नुसतं मन मोकळं करायला गेलात आणि चौकशी लागली असं व्हायला नको.

आणि ते वर्षातून एकदा येणारे "अनामिक" सर्व्हे. लिंक तुमच्याच मेलवर, फक्त तुमच्यासाठी आलेली असेल तर तो अनामिक नाही, फार तर गोपनीय आहे, म्हणजे कोणाला तरी दिसतंच. टीम पाच जणांची असेल तर विभाग, वय, अनुभव या तीन रकान्यांतून माणूस बरोबर सापडतो. आकड्यांचे प्रश्न प्रामाणिकपणे भरा, मोकळ्या जागेत मात्र असं काही लिहू नका जे तुमच्या नावासकट वाचलं गेलं तर अडचण होईल.

पायरी ७: या सगळ्यात तब्येत

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या नीट केली, आजार म्हणून नाही तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. तीन खुणा आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटायला लागणं. तिन्ही दिसत असतील तर डॉक्टरकडे जा, नेटवरच्या टेस्ट सोडवत बसू नका.

तासांचंही बघा. याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये दिलेला हिशोब असा आहे की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या मानाने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो आणि रक्तवाहिन्या अरुंद होऊन होणाऱ्या हृदयविकाराने मरण्याचा सुमारे १७ टक्के जास्त. नोंदवहीत तास पण लिहा ते यासाठी.

शक्य असेल तर सलग आठवडाभर सुट्टी घ्या, लॅपटॉप बंद. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी छातीवर तेच दडपण आलं तर तो नुसता थकवा नव्हता. आणि मोठा निर्णय सुट्टीच्या आधी घेऊ नका, थकलेल्या डोक्याला कुठलाही दरवाजा चालतो आणि मग आगीतून फुफाट्यात.

पायरी ८: तारीख ठरवा, आणि ती पाळा

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये म्हटलं होतं की संस्था बिघडायला लागली की माणसापुढे मुख्यतः दोन रस्ते असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं, आणि कुठला घ्यायचा हे बऱ्याच अंशी तिच्याशी असलेल्या निष्ठेवर ठरतं. तिसरी जागा, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसणं, ही निष्ठा नाही, ती फक्त लांबवलेली चालढकल आहे.

म्हणून चौथ्या पायरीवर बोललात त्या दिवसापासून साधारण दोन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर टाका. त्या दिवशी बघायचं, पद्धत बदलली का? बॉसचा मूड नाही, पद्धत. आठवडाभर गोड बोलणं हा बदल नाही, साडेचारची मीटिंग खरंच होतेय हा बदल आहे.

बदललं असेल तर वहीतला पुढचा मुद्दा घ्या. नसेल तर आधी कंपनीतल्या कंपनीत दुसरी टीम बघा, हा रस्ता लोक विसरतात. गॅलप या सर्व्हे करणाऱ्या कंपनीचा अंदाज आहे की कर्मचारी कामात किती मनापासून आहेत यात टीमटीममध्ये जो फरक पडतो त्यातला किमान ७० टक्के मॅनेजरमुळे पडतो, म्हणजे तीच कंपनी दुसऱ्या मजल्यावर वेगळी असू शकते. वहीतली दुखणी वरपासून खालपर्यंत सगळीकडे तीच असतील तर मात्र बाहेर.

बाहेर पडताना घाईची कामं चार. हातात लेखी ऑफर आल्याशिवाय राजीनामा नाही, तब्येतीचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी, पण मग निदान काही महिन्यांचा खर्च बाजूला हवा. नोटीस पिरीयड, बाकी सुट्ट्या, बोनसची तारीख हे कॉन्ट्रॅक्टमध्ये आधी वाचा. पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं असे तुमचे स्वतःचे कागद आधीच घेऊन ठेवा, शेवटच्या दिवशी लॉगिन बंद होतं. आणि राजीनाम्याचा मेल दोन ओळींचा, कारण, उपदेश, हिशोब काही नको.

काउंटर ऑफर आली तर वही उघडा. तुमचं दुखणं मुभेचं होतं आणि ते पैसे वाढवून देतायत, म्हणजे तेच दुखणं जरा जास्त पगारात. तुमची खरोखरच मोबदल्याचीच तक्रार होती तर मात्र विचार करायला हरकत नाही, अर्थात लेखी मिळालं तर.

एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये किती खरं बोलायचं यावर लोकांची मतं वेगळी आहेत. मी म्हणेन पद्धतीबद्दल खरं, माणसाबद्दल मोजकं. संदर्भासाठी उद्या याच लोकांना फोन जाणार आहे.

पायरी ९: नव्या ठिकाणी जायच्या आधी

मुलाखतीत "तुमचं कल्चर कसं आहे?" विचारू नका, उत्तर वेबसाईटवर छापलेलंच मिळेल. हे विचारा: या जागेवर आधी कोण होतं आणि ते आता कुठे आहेत? टीममधलं शेवटचं मोठं काम फसलं तेव्हा पुढे काय झालं? माझ्या पहिल्या तीन महिन्यांत मी कुठले निर्णय न विचारता घेऊ शकेन? संध्याकाळी सातला मेल आला तर उत्तर कधीपर्यंत अपेक्षित असतं? तुमचं दुखणं वहीत ज्या शब्दाखाली जास्त होतं, मागणी, मुभा की मोबदला, त्या शब्दाचे प्रश्न जास्त विचारा.

मग होणाऱ्या टीममधल्या एखाद्याशी, मॅनेजर नसताना, पंधरा मिनिटं बोलायला मिळेल का ते विचारा. चांगल्या ठिकाणी सहसा हो म्हणतात. नाही म्हणाले तर कारण विचारा. आणि बोलायला मिळालं तर त्या माणसाला एवढंच विचारा, "मागच्या महिन्यात तुमच्या मॅनेजरला तुम्ही कधी नाही म्हणालात का, कशाबद्दल?" पटकन आठवून सांगितलं, हसत सांगितलं, तर बरं लक्षण. बराच वेळ विचार करून "तशी वेळच आली नाही" असं म्हणाला, तर ऑफर लेटरवर सही करायच्या आधी अजून एकाशी बोलून घ्या.